उभा राहिलेला फिरता दवाखाना

मित्रांनो, मी एक जुना फिरता दवाखाना आहे. म्हणजे एक मोठी गाडी. आत तपासायची खाट, भिंतीला औषधांचं कपाट, मागे चढायला पायऱ्या. नाव फिरता असलं तरी माझं फिरणं केव्हाच थांबलं. कोल्हापुरातल्या एका सरकारी आवारात मी भिंतीकडे तोंड करून उभा आहे. टायर बसलेत. बॉनेटखाली मांजरीनं पिल्लं घातली, ती मोठी होऊन निघून गेली. मी मात्र आहे तिथंच आहे.

माझी कहाणी मी जन्मायच्या आधी सुरू झाली. ती मला माझा ड्रायव्हर बाळासो याने काच पुसता पुसता सांगितली.

आमदार क्रांतीताईंचं कार्यालय मंगळवार पेठेत होतं. एके दिवशी तिथं शिरोळकडचे नागसेन नावाचे माजी सैनिक आले. सुरुंगाच्या स्फोटात त्यांचा डावा पाय गुडघ्याखाली गेला होता. कृत्रिम पाय लावून, एसटीत उभं राहून ते शहरातल्या दवाखान्यात पोचले, तर डॉक्टर निघून गेलेले. परतताना बसस्थानकावर तोल जाऊन पडले. कपाळाला खोक पडली होती. ताईंनी पाणी पुढे केलं. त्यांनी पेला तसाच खाली ठेवला.

"ताई, बर्फात हुतो तवा खेचराच्या पाठीवरनं औषध वर येत हुतं," ते म्हणाले. "आता गावात हाय, दारापत्तोर डांबरी रस्ता हाय, तर कोन येत न्हाई."

ताईंच्या घरात कुणी फौजी नव्हतं. पण हे बोलणं त्यांच्या मनाला लागलं. माजी सैनिकांसाठी गावोगाव जाणारा दवाखाना हवा, अशी मागणी त्यांनी विधानसभेत केली. "तपासून पाहू," असं उत्तर आलं. पुढच्या अधिवेशनात पुन्हा मागणी, पुन्हा तेच उत्तर. तिसऱ्यांदा त्या बोलायला उभ्या राहिल्या तेव्हा संध्याकाळ झाली होती आणि सभागृह निम्मं रिकामं होतं. मंत्री हसून म्हणाले, "ताई, गावोगावी एसटी जाते की."

"जाते ना," ताई म्हणाल्या. "एका पायाच्या माणसाला गर्दीच्या एसटीत चढायला लावा आणि मग मला खाली बसायला सांगा."

त्यानंतरही मंत्रालयात त्यांनी पुष्कळ हेलपाटे घातले. अखेर मंजुरी मिळाली आणि कोल्हापुरातल्या एका कारखान्यात माझी बॉडी बांधली गेली. डॉक्टरांची नेमणूक मात्र तात्पुरती होती. तेव्हा त्या शब्दाकडे कुणी फारसं लक्ष दिलं नाही.

मग माझे चांगले दिवस आले. बाळासो स्वतः फौजेत ट्रक चालवलेला माणूस. गाडीवर धूळ दिसली की त्याला अन्न गोड लागायचं नाही. डॉक्टर अक्षता तपासायच्या. कधी बिद्रीकडची गावं, कधी शिरोळकडची. मी दिसलो की उसाचे ट्रॅक्टर बाजूला सरकायचे. म्हातारे फौजी इस्त्रीचा शर्ट घालून तपासायला यायचे. एका सुभेदारांना ऐकू येत नसे. कुणाचंही नाव पुकारलं की ते ताठ उभे राहून ओरडायचे, "हजर!" यल्लव्वा नावाच्या एका जवानाच्या विधवेला काहीच दुखणं नव्हतं. तरी ती यायची. "कशा आहात?" असं विचारणारं तिला दुसरं कुणी नव्हतं.

कृत्रिम पाय घासून चिघळलेली नागसेनांची जखम डॉक्टरांनी बरी केली. ते माझ्या पायरीवर बसून बाळासोशी पलटणीच्या गप्पा मारायचे. पंधरा ऑगस्टला मला हार घातले. विधानसभेत हसलेले तेच मंत्री माझ्याशेजारी उभे राहून फोटो काढून गेले. कार्यकर्त्यांनी माझ्या दोन्ही बाजूंना ताईंचं नाव रंगवलं. 'माजी सैनिक' या अक्षरांपेक्षाही मोठं. "एवढं कशाला?" ताई म्हणाल्या. पण रंग वाळला होता. नाव राहिलं.

पुढच्या निवडणुकीत ताई पडल्या.

त्याच सुमारास एका खेपेला नागसेनांच्या कृत्रिम पायाचा पट्टा तुटला. "दुरुस्त करून पुढच्या खेपेला आणतो," असं म्हणून बाळासोनं तो पाय माझ्या कपाटात ठेवला. पण पुढची खेप झालीच नाही. डॉक्टरांची मुदत संपली, ती वाढवली गेली नाही. मला या आवारात आणून कुलूप घातलं.

बाळासो आवारातल्या कार्यालयात जाऊन गयावया करू लागला. "सायेब, आत एका मानसाचा पाय हाय हो!"

"गाडी ताब्यात घेतल्याय," कारकून म्हणाला. "वरनं आदेश आल्याबिगर उघडता येत न्हाई."

मग क्रांतीताई आल्या. नवीन साहेबांनी मान वर न करता विचारलं, "आपण कोण?"

"माजी आमदार," ताई म्हणाल्या. "काम माजी सैनिकांचं आहे. आम्ही सगळे माजीच. पण त्यांचं दुखणं अजून माजी झालेलं नाही."

साहेब जरा ओशाळले. हळू आवाजात म्हणाले, "बाई, गाडीवर तुमचं एवढं मोठं नाव. ही कोण चालू करणार?"

ताईंनी लोखंडी पट्टी मागून घेतली आणि भर उन्हात माझ्या अंगावरचं स्वतःचं नाव खरवडून काढलं. त्यांच्या हाताला फोड आले. साहेब खिडकीतून बघत होते. "वर कळवतो," एवढंच म्हणाले.

ते वर कळेपर्यंत नागसेन कुबड्यांवर होते. घरामागच्या परड्यात ओल्या फरशीवरून कुबडी घसरली, खुब्याचं हाड मोडलं. अंथरुणाला खिळले ते उठलेच नाहीत. आदेश आला आणि पाय काढण्यापुरतं कुलूप उघडलं, तेव्हा त्यांना जाऊन पंधरवडा झाला होता.

त्यांची बायको शालूबाई ताईंबरोबर आली. बाळासोनं कपाटातून पाय काढला, रुमालानं पुसला आणि दोन्ही हातांनी तिच्याकडे दिला. तिनं तो पदरात घेतला.

"तुमी निवडून आला असता तर गाडी आली असती का, मला ठावं न्हाई," ती ताईंना म्हणाली. "पन कोन पडलं, कोन आलं, त्यावर मानसाचा पाय अडकून ऱ्हातो, ह्ये बरं न्हवं."

ताई माझ्या पायरीवर बसल्या, आणि बाळासो पाठ फिरवून उभा राहिला.

ताई अजून अधिवेशनाला जातात. ज्या सभागृहात त्या बोलायच्या, त्याच्या बाहेर उभ्या राहून आता आतल्या लोकांना विनवतात, "माझा प्रश्न तुमच्या नावानं मांडा." अजून कुणी मांडलेला नाही. मी गंजतो आहे.

मित्रांनो, माझं जे व्हायचं ते होवो. एक मागणं आहे. जी सोय कष्टानं उभी राहते, तिचा हार वाळला म्हणून तिला कुलूप लावू देऊ नका. आणि एसटीच्या थांब्यावर एखादा म्हातारा फौजी दिसला, तर नुसता सलाम ठोकून पुढे जाऊ नका. जवळ जा आणि विचारा, "आजोबा, कुठं निघालात? मी येऊ का बरोबर?"