कापूस, संत्रा, तूर

हौशी रेडिओवाल्याची हवेतली ओळख म्हणजे सरकारने दिलेली अक्षरं. आधी व्हीयू, म्हणजे भारत. मग परवान्याच्या दर्जाचा एक आकडा. शेवटची अक्षरं त्या माणसाची. परवाना जिवंत असेपर्यंत ती दुसऱ्या कुणाला मिळत नाहीत. परवाना संपला आणि कुणी नूतनीकरण केलं नाही, तर काही काळ ती पडून राहतात आणि मग एखाद्या नव्या अर्जदाराला दिली जातात.

अकोल्याच्या बशीरभाईंची अक्षरं केएसटी होती. रेडिओवर खरखर फार, म्हणून प्रत्येक अक्षरासाठी एक शब्द उच्चारतात. जगभर ते शब्द ठरलेले आहेत: किलो, सिएरा, टँगो. बशीरभाईंनी ते कधी वापरले नाहीत. "सिएरा कोनं पाह्यला बाप्पा?" असं विचारून ते आपले शब्द सांगायचे: कापूस, संत्रा, तूर. वऱ्हाडातले रेडिओवाले त्यांना याच नावाने ओळखत.

ताजनापेठेत त्यांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. स्मृतिभ्रंश सुरू झाला तेव्हा मुलगी तहरीमने दुकान बंद केलं. पुढच्याच वर्षी परवाना संपला. तेव्हा घरात कुणाच्या डोक्यात परवाना नव्हता. बाप स्वयंपाकघरात लघवीला बसू लागला होता.

आता ते तहरीमला ओळखत नव्हते. बायकोला, रहिमाबीला, थोरली बहीण समजून 'आपा' म्हणत आणि आपण घरी कधी जाणार असं विचारत. 'बशीर' अशी हाक मारली तर मान वळत नसे. पण रोज सकाळी अमरावतीहून त्यांचा शागीर्द योगेश वऱ्हाडातल्या रेडिओवाल्यांची रेडिओवर हजेरी घ्यायचा. "कापूस, संत्रा, तूर" असं ऐकलं की बशीरभाई ताठ बसत, माइक उचलत आणि आपली सगळी अक्षरं न चुकता म्हणून सांगत, "बशीर बोलून राहिलो, अकोल्याहून. आवाज साफ हाय." त्या माइकची वायर योगेशने स्वतः येऊन तोडून ठेवली होती. परवाना नव्हता, बोलणं बेकायदा होतं. तहरीम फोनवरून 'हाजिर' एवढाच निरोप पाठवायची आणि योगेश हवेत म्हणायचा, "आयकू आलं चाचा, जेवून घ्या."

मग ते जेवत. हजेरी झाली नाही त्या दिवशी तोंड मिटून घेत, घास थुंकत. हजेरीनंतर थोडा वेळ ते बशीर असत. रहिमाबीला नावाने हाक मारत, चहात साखर कमी आहे म्हणून भांडत. घरातल्या दोघी त्या थोड्या वेळावर जगत होत्या.

योगेशचं अमरावतीत मोटर रिवाइंडिंगचं दुकान होतं. काम बशीरभाईंनी शिकवलेलं, रेडिओही त्यांनीच. पावसाळा संपता संपता त्याने तहरीमला फोन केला.

"तहरीम, एक गडबड झाली. चाचाची अक्षरं दिली कोनाले तरी. परतवाड्याच्या एक मॅडम हायेत, दीपमाला नावाच्या. कालेजात शिकवतात. आकड्यासकट तेच."

"अशी कशी दिली? अब्बा जिंदा आहेत ना!"

"परवाना जिंदा नाही ना."

"मग त्याईले बदलून घ्याले सांग."

"बदलतीन बी त्या. पन मंग अक्षरं परत सरकारजोळ जातीन. चाचाले मिळाले चाचानं अर्ज कराले पायजे, सही कराले पायजे. करते का?"

काल बशीरभाईंनी पेन तोंडात घातलं होतं. तहरीमनेच मग वाट काढली. "त्या मॅडम काय म्हणतात? किलो, सिएरा?"

"हो. पुस्तकातलं."

"मग तू त्याईले किलो-सिएरा म्हणून बोलव. अब्बाले कापूस-संत्रा म्हणून. अब्बाले ते इंग्रजी समजतच नाही."

"एका अक्षराच्या दोन हजेऱ्या?" योगेश हसला. "सरकारनं आयकलं तं माहा परवाना जाते पाय."

"जाऊ दे. तुलेही कापूस वेचाले लावू."

तसं ठरलं आणि ते चाललंही. बशीरभाई आपल्या हाकेला उठत, जेवत. किलो, सिएरा, टँगो त्यांच्या कानावरून खरखरीसारखं निघून जाई.

दीपमाला मॅडम मात्र बुचकळ्यात पडल्या. हजेरीत रोज एक अशी हाक येई जिला कुणी उत्तर देत नसे, आणि तरी योगेश 'आयकू आलं' म्हणे. त्यांनी त्याला फोन केला. दुकानात गिऱ्हाईक उभं होतं, हातात उघडी मोटर होती.

"योगेशदादा, ते कापूस, संत्रा, तूर काय आहे?"

"ते आमच्या बशीरचाचाचे शब्द, मॅडम. तुमची अक्षरं अगोदर त्याईची होती. असेच म्हणायचे ते. लय मोठा मानूस होता."

"अरे, मला माहीतच नव्हतं," त्या हळहळल्या.

"जाऊ द्या. सांगतो सावकाश," म्हणून त्याने फोन ठेवला. आपण 'होता' म्हणालो हे त्याच्या लक्षात आलं नाही. बशीरभाईंबद्दल सगळेच आता असं बोलत. घरचेसुद्धा.

दुसऱ्या दिवशी सकाळी तहरीमने बापाला रेडिओसमोर बसवलं. रहिमाबी दुधात भाकर कुस्करून बसली होती. योगेशचा आवाज आला, "कापूस, संत्रा, तूर." बशीरभाई ताठ झाले. त्यांनी माइक उचलला, तोंड उघडलं.

तेवढ्यात रेडिओतून एका बाईचा स्वच्छ आवाज आला. तिने सगळी अक्षरं आकड्यासकट म्हटली आणि पुढे, सावकाश, "कापूस, संत्रा, तूर. परतवाड्याहून दीपमाला हजर. ही अक्षरं अकोल्याच्या कैलासवासी बशीरभाईंची. ते आता आपल्यात नाहीत. आजपासून मी ती त्यांच्याच शब्दांत म्हणणार आहे. त्यांना माझी श्रद्धांजली."

"मॅडम, थांबा, थांबा," योगेश ओरडला. मग हवेत नुसती खरखर उरली.

तहरीमने धावत जाऊन रेडिओ बंद केला. बशीरभाईंचा हात माइकसह वर तसाच राहिला होता. त्यांनी माइक हळूच जागेवर ठेवला.

"अब्बा, गलत बोलली ती. कापूस, संत्रा, तूर, तुम्हीच. बोला ना."

त्यांनी तिच्याकडे बघितलं. दुसऱ्याच्या घरी काही वाईट झाल्यावर माणूस बघतो तसं.

"बशीर गया?" त्यांनी विचारलं.

रहिमाबीने घास पुढे केला. त्यांनी तिचा हात बाजूला केला, रागाने नव्हे. अशा वेळी खायचं नसतं एवढंच त्यात होतं. मग ते उठले, भिंतीला धरून मोरीपर्यंत गेले आणि नमाजाआधी हातपाय धुवायला, वजूला, बसतात तसे बसले. बाहेर येऊन त्यांनी खुंटीवरची टोपी घातली. कित्येक महिन्यांत पहिल्यांदाच ते कुणाच्या मदतीशिवाय दारापर्यंत चालत आले होते.

"मिट्टी कब है? जनाजा कब उठेगा?" ते म्हणाले. "मेरे कू ले चल, बेटा. अच्छा आदमी था."

तहरीम दारात उभी होती. तिचा फोन वाजत होता, वाजून बंद पडत होता, पुन्हा वाजत होता. वडील चपला शोधत होते. त्यांना काय सांगायचं, हे तिने आईकडे बघून विचारलं. रहिमाबीने पदर डोक्यावरून ओढून घेतला होता आणि ती रडायला लागली होती, मयतीच्या घरात रडतात तशी, मोठ्याने.