दार उघडायलाच हवं

सहासष्टाव्या वर्षीही घरातले सगळे तिला धाकटीच म्हणत. ताई तिच्याहून सात वर्षांनी मोठी, आणि धाकटीच्या बाबतीत शेवटचा शब्द आपलाच, ही ताईची समजूत लहानपणापासून कायम होती. धाकटीला अर्धांगवायूचा झटका आला, डावा पाय लुळा पडला, तेव्हा ताईने इस्पितळाच्या खाटेशीच निकाल लावून टाकला, "आता तू माझ्याकडे राहायचंस."

"मी माझ्या घरी राहणार," धाकटी म्हणाली. तोंड अजून जरा वाकडं होतं, पण बोलणं सरळ होतं.

बत्तीस वर्षं टेलिफोन ऑपरेटरची नोकरी करून तिने हे घर एकटीच्या जिवावर घेतलं होतं. पुढे हॉल, मग स्वयंपाकघराच्या कडेने जाणारा बिनखिडकीचा पॅसेज आणि अगदी टोकाला झोपायची खोली. वॉकर टेकत खोलीतून दारापर्यंत पोचायला आता तिला सहा मिनिटं लागत. तोवर आलेला माणूस बेल वाजवून वाजवून निघून जाई. नाहीतर घाबरून ताईला फोन करी, आणि ते जास्त वाईट.

म्हणून तिने दाराला नवं कुलूप बसवून घेतलं. खाटेशेजारचं बटण दाबलं की ते उघडणार होतं. बसवायला आलेली बाई पस्तिशीची, बोलायला मोकळी, कमरेला हत्यारांचा पट्टा. तिने सगळं समजावून सांगितलं.

"मावशी, हे बटण नाण्याएवढ्या सेलवर चालतं, म्हणून त्याचा आवाज बारीक. एरवी झोपलेलं असतं. दाबलं की जागं होतं, एक हाक मारतं आणि परत झोपतं. हॉलमधल्या या डबीपर्यंत ती हाक थेट पोचत नाही, मध्ये जाड भिंती आहेत. म्हणून पॅसेजमध्ये हा दिवा लावलाय. तो विजेवरचा, सदा जागा. तो हाक ऐकतो, डबीला सांगतो, आणि डबी कुलपाला सांगते."

"म्हणजे ट्रंक कॉल," धाकटी म्हणाली. "लांबच्या गावाला थेट लाईन नसली की आम्हीही मधल्या एक्स्चेंजमधून जोडून द्यायचो."

"अगदी तसंच. विजेवरची अशी उपकरणं, दिवा असो की भिंतीत खोचायचा प्लग, जितकी जास्त, तितके हाकेला रस्ते जास्त. तुम्हाला एक पुरेल."

ताई हाताची घडी घालून ऐकत होती. "पंधरा दिवस बघते," ती म्हणाली. "त्यात दार दगा देत राहिलं, तर मी सामान बांधायला येणार."

पहिले दोन दिवस बटण दाबताच दाराचं कुलूप खटकन उघडलं. तिसऱ्या दिवसापासून ताई रोज डबा घेऊन येऊ लागली. त्याच दुपारी चारला व्यायामवाले डॉक्टर आले आणि दार ढिम्म हलेना. धाकटीने बटण तीनदा दाबलं, दहादा दाबलं, मग वॉकर घेऊन निघाली. ती दाराशी पोचली तेव्हा डॉक्टरांनी ताईला फोन करून झाला होता.

कुलूप बसवून गेलेली ती जोडणीवाली संध्याकाळी उशिरा आली. बटण दाबलं, दार उघडलं. पुन्हा दाबलं, पुन्हा उघडलं. "मावशी, सगळं ठीक आहे की!"

"आत्ता ठीक आहे," धाकटी म्हणाली. "चारला नव्हतं."

"एखादे वेळी होतं असं."

ती गेली. 'एखादे वेळी' हे उत्तर धाकटीला कधीच पटलेलं नव्हतं. लाईन लागत नसली की कुठेतरी काहीतरी तुटलेलं असतंच, आणि ते शोधून काढता येतं, हे तिला नोकरीने शिकवलं होतं. दुसऱ्या दिवशी तिने एक वही घेतली आणि सकाळी सातपासून दर अर्ध्या तासाने बटण दाबायला लागली. उघडलेलं कुलूप थोड्या वेळाने आपोआप परत बसायचं, त्यामुळे दर वेळी नुसत्या आवाजावरून कळत होतं. आवाज आला की बरोबरची खूण, नाही आला की फुली. शेजारीण विचारायला आली, "सारखं खटखट काय चाललंय?" धाकटी म्हणाली, "परीक्षा. कुलपाची."

पाच दिवसांत वही भरत आली. फुल्या सगळ्या दुपारच्या, बारानंतर सुरू होऊन सहाच्या सुमारास संपणाऱ्या. तिने उन्हावर संशय घेतला, मग लिफ्टवर. पण रविवारी एकही फुली नव्हती. ऊन रविवारीही पडलं होतं, लिफ्टही चालू होती. रविवारी काय नव्हतं?

रविवारी ताई आली नव्हती.

सोमवारी ताई अकराला डबा घेऊन आली आणि बाराला गेली. साडेबाराला फुली पडली. धाकटी उठली. वॉकर पुढे, उजवा पाय, मग डावा ओढून. पॅसेजच्या तोंडाशी ती थांबली. आत मिट्ट काळोख होता. दिव्याचा भिंतीवरचा स्विच बंद होता. संध्याकाळी टीव्हीसाठी हॉलकडे जाताना आपलाच हात सवयीने तो लावतो, हे तिला तेव्हा कुठे उमगलं. तिने स्विच लावला, खोलीत परतली, थोडं थांबली आणि बटण दाबलं. लांबून खटका ऐकू आला.

आनंद व्हायला हवा होता, पण दिवा घालवणारी ताईच, हेही आता कळलं होतं. ताई मुद्दाम करत असेल?

तिने रात्रभर ते मनात ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी ताई येताच सरळ विचारलं, "पॅसेजमधला दिवा तू घालवतेस?"

"घालवते म्हणजे? भरदुपारी दिवा कशाला जाळायचा?"

"त्याच्यामुळे माझं दार बंद पडतं, ताई. मला सामान बांधायला लावायचं म्हणून नाही ना करत?"

ताईचा चेहरा उतरला. ती स्टुलावर बसली. "मी काय तुझी वैरीण आहे?" आवाज चिरका झाला. "तुला आपटलेलं मी पाहिलंय. न्हाणीघराच्या दाराशी. मी आले नसते त्या दिवशी, तर?" पदराने डोळे पुसत ती पुटपुटली, "दिवे घालवत फिरायची खोड आहे मला. बाबांचीच."

धाकटीने तिचा हात धरला.

"आता नाही हात लावणार," ताई म्हणाली.

"लावशील. खोड आहे ती. तुझी नाही तर माझी, नाही तर पाहुण्याची. मला दुसरा रस्ता हवाय."

तिने जोडणीवालीला बोलावून वही पुढे केली. ती वाचता वाचता जोडणीवालीने कपाळाला हात लावला. "स्विचचं सांगायचंच राहिलं माझ्याकडून! चिकटपट्टी लावून टाकू या."

"पट्टी निघते. एका लाईनवर मी माझं राहणं टांगून ठेवणार नाही. एक माझ्या खोलीत, एक स्वयंपाकघरात, असे हाक पुढे सांगणारे दोन प्लग लाव."

"स्वयंपाकघरातला प्लग कुणी बंद केला तर?"

"फ्रिजच्या सॉकेटमध्ये लाव, आणि फ्रिज त्यातूनच जोड. फ्रिजचं बटण आमची ताईसुद्धा बंद करत नाही."

ताईला हसू फुटलं.

दोन्ही प्लग बसले. धाकटी खाटेवर बसली आणि म्हणाली, "ताई, जा, पॅसेजमधला दिवा घालव."

"मी?"

"तूच."

ताईने जपून, जणू स्विच चावणार आहे अशा बेताने, दिवा घालवला. जोडणीवालीने हॉलमधून "हं!" म्हटलं. धाकटीने बटण दाबलं. क्षणभर काहीच नाही. ताईने श्वास रोखला. मग कुलूप खटकलं.

"पुन्हा," धाकटी म्हणाली. पुन्हा उघडलं. वीस वेळा दाबून झाल्यावरच तिने जोडणीवालीला जाऊ दिलं.

"मग मी आता येऊ नको?" ताईने दुसरीकडे बघत विचारलं.

"रोज ये. पण पहाऱ्याला नको, गप्पांना ये. आणि तुझ्याकडे राहायला नाही, रविवारी जेवायला मी येईन. चालत."

"जिना आहे माझ्याकडे. अठरा पायऱ्या."

"माहीत आहे," धाकटी म्हणाली, आणि चारला व्यायामवाले डॉक्टर आत आले तेव्हा त्यांना बसूही न देता तिने विचारलं, "पायऱ्या चढायला कधीपासून शिकवता?"