देशाचं कर्ज फेडणारा कलश

हर्सूलच्या मंगल कार्यालयात त्या रविवारी लग्न नव्हतं, पण गर्दी लग्नाला लाजवेल अशी होती. फुलंब्रीकडून टेम्पो भरभरून माणसं आली होती. आज भारत देशाचं सगळं कर्ज फिटणार आणि आपण त्याचे साक्षीदार होणार, असा भाव प्रत्येकाच्या चेहऱ्यावर होता. व्यासपीठावर फलक होता, 'भारत कर्जमुक्ती महायज्ञ', आणि फलकाखाली रेशमी कफनीत ऋणहर महाराज बसले होते. दोन महिन्यांपूर्वी या महाराजांचं नावही कुणी ऐकलं नव्हतं.

सुकेशनी चौथ्या रांगेत दात-ओठ खात बसली होती. ती शहरातल्या ज्युनिअर कॉलेजात अर्थशास्त्र शिकवायची. तिची विद्यार्थिनी शालू हिचा आदल्या दिवशी रडत फोन आला होता. शालूच्या नर्सिंगच्या फीसाठी तिच्या बापानं, भिकननं, नऊ मेंढ्या विकल्या होत्या. नव्वद हजार आले. फी भरायची शेवटची तारीख सोमवार, आणि बाप रविवारीच ते पैसे महाराजांच्या पायाशी ठेवायला निघाला होता.

सुकेशनीनं आल्या आल्या भिकनला गाठून समजावलं होतं. तो उलट तिच्यावरच घसरला.

"म्याडम, तुमच्यासारख्या शिकलेल्यांनीच देश कर्जात बुडवला. आता एक मानूस फेडाया निघाला, तर त्याला बी आडवं जाता व्हय?"

त्याची बायको दगडाबाई पहिल्या रांगेत बसली होती. नवऱ्याशी ती दोन दिवस बोलली नव्हती. पण देवाच्या कामाला रिकाम्या हातानं जाऊ नये म्हणून बाकी बायांसारखीच तीही हळद-कुंकू आणि कुंकवानं लाल केलेल्या अक्षता घेऊन आली होती. कलशाजवळ कुणालाच जाऊ देत नव्हते, त्यामुळे अक्षता तिच्या मुठीतच राहिल्या.

महाराजांनी माईक हातात घेतला.

"माता-भगिनींनो! आज जन्मलेलं लेकरू डोळे उघडायच्या आधी कर्जबाजारी असतं! एक लाखाच्या वर कर्ज, त्या तान्ह्या डोक्यावर! कोण फेडणार? सरकार? सरकारच्या बापाच्यानं होणार नाही!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. महाराजांनी तांब्याचा कलश उंच धरला. म्हणे तीनशे वर्षांपूर्वी यावर वीज पडली आणि हा कलश जिवंत झाला. म्हणे परदेशातले रॉकेटवाले यासाठी इतकं मोल मोजणार, की देशाचं कर्ज फिटून वर उरेल. फक्त त्याआधी तपासणीची फी भरायची. एक वाटा पंचेचाळीस हजारांचा. ज्या दिवशी देश कर्जमुक्त होईल, त्या दिवशी प्रत्येक वाट्यामागे एक कोटी खात्यात जमा! ज्या देशाचं कर्ज एका कलशात फिटतं, त्याच्या तपासणीला मेंढपाळाचेच पैसे का लागतात, हे विचारायची बुद्धी त्या मांडवात कुणालाही झाली नाही. 

मग चमत्कार सुरू झाला. काचेच्या टेबलावर मधोमध कलश ठेवला. महाराजांनी चांदीच्या वाटीतून पांढरे तांदूळ सभोवार पसरले. वर कॅमेरा होता आणि मागच्या मोठ्या पडद्यावर दाणा न् दाणा दिसत होता. गर्दीवर पकड बसावी म्हणून महाराजांनी खास इथल्यासाठी 'राष्ट्रमंगलाष्टक' रचलं होतं, लग्नातल्याच चालीवर. कलशाचं झाकण फिरवत त्यांनी सूर लावला, आणि तांदूळ मुंग्यांसारखे कलशाकडे सरकायला लागले. 

"शुभमंगल... सावधान!" महाराज गरजले.

आता मंगल कार्यालयात, त्या चालीवर 'सावधान' ऐकल्यावर मराठी माणसाचा हात काय करतो? दगडाबाईची मूठ आपोआप उघडली. तिच्या मागोमाग साऱ्या बायांच्या मुठी उघडल्या. लाल अक्षतांचा पाऊस थेट टेबलावर पडला.

महाराज क्षणभर गांगरले, पण चाल थांबवता येईना. पडद्यावर पांढरे दाणे सरकत होते. लाल दाणे जिथं पडले तिथंच होते. पांढरे दाणे त्यांना ढकलून, त्यांच्यामधून वाट काढून कलशाला जाऊन चिकटले, आणि लाल दाणा एकही हलला नाही.

सुकेशनी उठली आणि तडक व्यासपीठावर चढली.

"खाली उतरा, बाई! भस्म व्हाल!" महाराज ओरडले.

"होऊ द्या भस्म. दगडामावशी, तुमचे तांदूळ घरचेच ना?"

"व्हय. डब्यातले."

"मग महाराज, तुमच्या कलशाला मावशीच्या घरचा तांदूळ का नाही ओढता येत? वीज पडताना त्याला सांगितलं होतं का, कुंकू लावलेला नको म्हणून?"

कुणीतरी हसलं. सुकेशनीनं आपली पर्स उघडली. शहागंजच्या बाजारातून घेतलेली साधी पर्स, बंद करायला लोहचुंबकाचं बटण असलेली. ते बटण तिनं चांदीच्या वाटीत उरलेल्या तांदळात बुडवलं. वर काढलं तेव्हा त्याला तांदळाचा झुपका लोंबत होता. एक दाणा तिनं टेबलाच्या कडेवर ठेवला आणि पाण्याच्या स्टीलच्या बाटलीनं ठेचला. दाणा पिठाचा घडवलेला होता, आणि त्याच्या भुकटीतून तारेचा बारीक तुकडा निघाला. तो तिनं कॅमेऱ्याखाली धरला. कलशाचं दुहेरी झाकण उघडल्यावर आत, फिरवलं की खाली सरकणारं चुंबक सापडलं.

"ही तुमची वीज! तांब्याला काही कळत नाही. लोखंड चुंबकाकडे जातं, एवढंच. तांदळाच्या पोटात लोखंड भरलंय आणि तुमच्या पोटावर पाय दिलाय!"

पण महाराजही कच्च्या गुरूचे चेले नव्हते. त्यांनी माईक पुन्हा ओढला. "तांदळाचं राहू द्या! देशावर कर्ज आहे की नाही? बोला! यांच्याकडे उपाय आहे का?"

गर्दी पुन्हा डळमळली. भिकन उभा राहिला. "त्ये तर खरंय म्याडम. कर्ज तर हाये ना?"

"आहे. कर्ज खरं आहे, यांनी घातलेली भीती खोटी आहे. मामा, हे कर्ज बहुतेक कुणाकडून घेतलंय? आपल्याकडूनच. मावशी, तुमचा विमा आहे?"

"हाय की. सालाला हप्ता भरते."

"तो पैसा विमावाले कपाटात ठेवत नाहीत. त्यातला बराचसा सरकारला कर्जाऊ देतात. बँकासुद्धा तेच करतात."

"म्हंजी सरकार माझं देनं लागतंय?" दगडाबाईनं विचारलं, आणि सभागृह हसलं.

"लागतंय, थोडंसं! आणि सगळं कर्ज एकदाचं शून्य होतं का? एका मोठ्या देशानं दोनेकशे वर्षांपूर्वी करून दाखवलं. दोन-तीन वर्षांत पुन्हा कर्ज काढावं लागलं. मामा, तुमच्या आज्याच्या कळपातली एक तरी मेंढी आज जिवंत आहे का?"

"कशी आसंल? म्हातारी जाती, नवी येती. कळप चालू ऱ्हातो."

"देशाचं कर्जही असंच. जुनं फेडायचं, नवं घ्यायचं. देशाची कमाई वाढली तर ते पेलतं. नाही वाढली, तर व्याजच दवाखान्याचा आणि शाळेचा पैसा खातं. म्हणून 'कर्ज कधी संपणार' हे विचारू नका. कशाला काढलं, कुठं घातलं, व्याजात किती जातं, हे विचारा. मत मागायला येतील त्यांना विचारा, तोंडावर विचारा. त्याला कलश लागत नाही."

महाराजांनी मागच्या दाराची वाट धरली होती, पण आधीच्या सभेत पैसे भरलेल्या बाया तिथं उभ्या होत्या. पोलीस येईपर्यंत त्या बायांनी महाराजांना हलू दिलं नाही. बायांचे पैसे मात्र त्या दिवशी परत आले नाहीत. महाराजांच्या पैशांच्या पेटीत निघाली जुजबी रक्कम, बाकी कुठं गेली ते महाराज सांगेनात.

भिकन खुर्चीवर मान खाली घालून बसला होता. कमरेची पैशांची गाठ त्यानं दोन्ही हातांनी धरली होती.

"म्याडम, लालच व्हती, नाय म्हनत नाय. पर देशासाठी बी वाटलं व्हतं. आपल्या हातनं देशाचं कायतरी व्हईल म्हनून."

सुकेशनीला त्या माणसाचा राग येईना. सगळा राग त्या रेशमी कफनीवाल्याचा आला. या लबाडानं गरिबाचं देशावरचं प्रेमसुद्धा गळाला लावलं होतं.

"मामा, या देशात दवाखाने आहेत आणि तिथं नर्स नाहीत," ती म्हणाली. "देशासाठी करायचंच असेल, तर उद्या दहा वाजता शालूची फी भरा. आणि चमत्कार दाखवणारा भेटला, तर हात जोडायच्या आधी त्याची वस्तू हातात घेऊन बघा. जो बघू देत नाही, तो चोर."

भिकननं गाठ सोडली आणि पैसे दगडाबाईच्या ओटीत ठेवले. दोन दिवसांनी ती पहिल्यांदा नवऱ्याशी बोलली.

"मोजून दे," ती म्हणाली.