बुकातली थोरली

हॉलंडच्या विद्यापीठाचं माहितीपत्रक सरांनी दिलं तेव्हा चारू माझ्या कडेवर होती, आणि त्याचा कोपरा पहिल्यांदा तिच्याच तोंडात गेला. सांगलीच्या एका कॉलेजात मी रसायनशास्त्राची डेमॉन्स्ट्रेटर होते. आमच्याकडच्या उसाच्या रानांत पांढरं मीठ वर येऊ लागलं होतं. वडिलांचं अडीच एकर तर त्यांच्या डोळ्यांदेखत पडीक झालं. मातीचं शास्त्र शिकायचं, एम.एस्सी. करायचं, हे तेव्हापासून डोक्यात होतं.

पात्रतेच्या अटी इतक्या वेळा वाचल्या की पाठ झाल्या. पदवीला पहिला वर्ग, तो होता. इंग्रजीची परीक्षा मुंबईला जाऊन दिली, पास झाले. दोन प्राध्यापकांची पत्रं मिळाली. 'कुटुंब सोबत आणता येणार नाही' या ओळीवर मात्र दर वेळी थांबायची. चारू चौदा महिन्यांची. तिला ताप आला तर? माळवदावरून पडली तर? मला विसरली तर? आमचे हे लष्करात, अंबाल्याला. त्यांनी पत्रात लिहिलं, "जाऊन ये. मला काय, तू सांगलीत असलीस काय नि हॉलंडात काय, भेट सुट्टीतच. चारू तुझ्या आईकडं राहील."

शेवटची अट वयाची. एक सप्टेंबर १९७५ रोजी पंचवीस वर्षं पूर्ण झालेली नसावीत. मी चोविसाची होणार होते. एस.एस.सी.च्या दाखल्यावर सव्वीस.

कडेगावजवळच्या आमच्या गावात शाळेत घालताना वय कुणी विचारत नसे. मास्तर उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरायला लावायचे. कानाला बोटं टेकली की सहा वर्षं पूर्ण, जन्म एक जून. माझे हात लांब. चौथं वर्ष संपायच्या आधीच मी कान धरला, आणि मास्तरांनी एक जून १९४९ लिहून टाकलं. वडिलांना केवढा आनंद झाला होता!

शाळेनं सांगितलं, शाळा सुटल्यावर तारीख बदलत नाही. हॉलंडवाल्यांनी कळवलं, जन्माचा सरकारी उतारा असेल तर तो धरू, पण अर्ज तीस एप्रिलच्या आत पोचला पाहिजे. टपालाला दहा-बारा दिवस धरले तर अठरा एप्रिल हा माझा शेवटचा दिवस. त्या दिवशी आईला, अंबूबाईला, बरोबर घेऊन मी तालुक्याच्या कचेरीत गेले.

जुन्या कोतवाल बुकांचा, म्हणजे गावोगावच्या जन्ममृत्यूच्या नोंदींचा, कारकून कृष्णात नावाचा होता. त्यानं ऑगस्ट एक्कावन्नचं पान काढलं.

"हाय. बापाचं नाव नाथाजी. मुलगी."

"नाव?"

"जन्मल्या जन्मल्या नाव कुठलं आलंय? नुसतं मुलगी." मग त्यानं दाखला पाहिला, मागची पानं चाळली आणि बोट ठेवलं. "ही बघा. मे एकोणपन्नास. नाथाजीच. मुलगी. तुमच्या शाळेच्या तारखेला हीच जुळतीय. तुमी थोरल्या."

"मी एकटीच आहे. मला बहीण नाही."

"बुकात दोन हायत. धाकटीला कुठं दिली मग?" तो हसला.

आई व्हरांड्यात चारूला घेऊन बसली होती. मी विचारलं. तिनं माझ्याकडं पाहिलं नाही.

"नवव्या दिशी गेली," ती म्हणाली. "बारसं व्हायच्या आधी. बांधाला पुरली."

"मग पाटलाकडं कळवलं का नाही?"

"जल्माचं सांगाय तुझा बा पळत गेला हुता. मेल्याचं सांगाय कोन जातंय, बाय?"

कृष्णात म्हणाला, मेल्याची नोंद नाही म्हणजे सरकारच्या लेखी ती जिवंत. एकच वाट होती, आईचं प्रतिज्ञापत्र. थोरली वारली, ही धाकटी. पाच वाजेपर्यंत साहेबांची सही होईल.

कचेरीबाहेर चिंचेखाली कागद टाइप करून देणाऱ्या दिलावरभाईंचा टाइपरायटर होता. मी त्यांना सगळं समजावून सांगितलं आणि आईला समोर बसवलं. तेवढ्यात चारूला उलटी झाली. सकाळपासून तिचं अंग मला कोमट लागत होतं. मी तिला घेऊन नळावर धावले, धुतलं, कपाळाला हात लावून लावून पाहिलं. दहा मिनिटं गेली असतील. परत आले तर कागदावर आईचा अंगठा उमटलेला. मी तो घाईघाईनं आत नेला.

कृष्णातनं वाचलं आणि या वेळी तो हसला नाही.

"ताई, ह्यात तुमीच मेलाय की वो."

'सन एकोणपन्नासमध्ये जन्मलेली माझी थोरली मुलगी हौसा ही नवव्या दिवशी मयत झाली.' हौसा माझं नाव. पदवीवर, अर्जावर, सगळीकडं.

दिलावरभाई ओशाळले. "मयताचं नाव लागतंच, बेटी. अम्मा म्हणाल्या हौसा. मी दोनदा विचारलं."

"ते तिलाच ठेवायचं हुतं," आई म्हणाली. "चुण्या घालून टोपडं शिवलं हुतं. ती गेली, मग तू आलीस, तवा तुला ठेवलं."

"आई, दुसरं सांग. एकाच नावाच्या दोघी साहेब धरणार नाहीत. पाचाला अर्धा तास आहे. सोनी, ठकी, काहीही चालेल."

"काहीबी? चारूला ठकी म्हन बघू."

"माझं वर्ष जाईल. वर्ष नाही, सगळंच जाईल. पुन्हा वयात बसणार नाही मी."

"नऊ दिस छातीशी हुती माझ्या. तिचं नाव आज कुनी पैल्यांदा इचारलं. मी खोटं सांगू व्हय?" तिनं अंगठ्याची शाई पदराला पुसली आणि हात मागं घेतला. "दुसऱ्या कागदावर मी अंगठा देनार न्हाई."

"मग माझं काय?"

"तुला हाय की सगळं. पोरगी हाय, नवरा हाय."

दिलावरभाईंनी नवा कागद लावून ठेवला होता. मी आईचं मनगट धरलं. वाळल्या काटकीसारखं होतं ते. जोर केला असता तर अंगठा टेकला असता. मी किती वेळ धरून होते कोण जाणे. चारू घाबरून रडायला लागली, तेव्हा सोडलं.

परतीच्या एस.टी.त चारू माझ्या मांडीवर तापानं फणफणत होती. आई खिडकीशी बसली होती, आणि बोलत होती. थोरलीचं जावळ कसं दाट होतं, रडायची कशी बारीक आवाजात, वडील तिला कंदिलाच्या उजेडात कसे बघत बसायचे. मला आठवतंय तेव्हापासून आई इतकं कधी बोलली नव्हती, आणि त्यातला एकही शब्द मला ऐकायचा नव्हता.