बोटांची बारा पेरे

“थांब. कोणतं पेर?” रामटेके सरांनी विचारले.

दीपिका वाक्याच्या मध्येच थांबली. तिचा अंगठा तर्जनीवरून सरकत मधल्या बोटाच्या वरच्या पेरावर गेला, मागे आला, पुन्हा तिथेच टेकला. मग तिने तेच इंग्रजी वाक्य दुरुस्त करून म्हटले. सरांनी मान हलवली.

सावली गावच्या बुद्ध विहारात त्या सकाळी तिसरी व्यक्ती म्हणजे दीपिकाची आई मनकर्णाबाई. लेकीचा डबा मांडीवर घेऊन ती दाराशी बसली होती. नागपूरची बस साडेनऊची होती आणि परीक्षा दुसऱ्या दिवशी.

श्रावण रामटेके चंद्रपूरच्या तंत्रनिकेतनात शिकले आणि पुढे बल्लारपूरच्या कागद कारखान्यात तेहतीस वर्षे बॉयलरवर राहिले. दाबाचा काटा दोनदा वाचल्याशिवाय नोंदवहीत आकडा लिहायचा नाही, हा त्यांचा नियम होता. निवृत्तीनंतर विहारात इंग्रजी शिकवायला घेतले, तेव्हा तोच नियम त्यांनी क्रियापदांच्या काळांना लावला. चार बोटांची पेरे बारा आणि काळही बारा. वरचे पेर भूतकाळाचे, मधले वर्तमानाचे, खालचे भविष्याचे. क्रिया साधी, चालू, पूर्ण की चालू-पूर्ण, ते बोटावरून ठरे. बोलण्याआधी अंगठा पेरावर न्यायचा, पुन्हा एकदा तपासायचा, मगच तोंड उघडायचे.

दीपिका गडचिरोलीच्या जंगलातल्या एका उपकेंद्रात कंत्राटी परिचारिका होती. परदेशातल्या एका रुग्णालयाने तिची निवड केली होती. अट एवढीच की महिनाअखेरपर्यंत इंग्रजी बोलण्याची परीक्षा पास व्हावी. दोनदा ती काळांच्या चुकांनी नापास झाली होती. ही तिसरी आणि शेवटची खेप.

“सर, पयले हिच्या तोंडाले झाकण नोहतं,” मनकर्णाबाई म्हणाली. “तुमी बसवून देलं. घरात जरा शांतता झाली.”

दीपिका हसली. सरांनाही हसू आले. आपले काम नीट झाल्याची ती पावतीच त्यांना वाटली.

परीक्षेनंतर बाराव्या दिवशी ती विहारात आली आणि फोनवरचा निकाल त्यांच्यापुढे धरला. सरांनी चष्मा पुसून आकडे दोनदा वाचले. व्याकरणाचे गुण वाढले होते. बोलण्याच्या ओघाचे मात्र इतके उतरले होते की पुढचे वाचायची गरज नव्हती.

“काय विचारलं होतं?”

“लक्षात राहिलेल्या पेशंटबद्दल दोन मिनिटं बोला म्हणे.”

“मग? बुधरीची गोष्ट तर तुले येते.”

बुधरी नाल्यापलीकडच्या टोल्यावरची, म्हणजे छोट्या वस्तीवरची. दोन वर्षांपूर्वी ती बाळंतपणात अडली, तेव्हा नाल्याला पूर होता. दीपिकाने चार माणसे गोळा केली, खाट खांद्यावर चढवून तिला पाण्यातून अलीकडे आणले, आणि काठावरच बाळ जन्मले. वर्गाच्या पहिल्याच दिवशी ही हकिकत तिने सरांना इंग्रजीत सांगितली होती. हातवारे करत, एका दमात, कुठेही न अडता. सरांनी तिची वाक्ये कागदावर उतरवून लाल पेनाने त्यांतल्या सतरा चुका टिपून घेतल्या होत्या.

“येते ना, सर. मले सगळं येत होतं,” दीपिका म्हणाली. “पाणी वाढून राह्यलं होतं, खाट उचलली होती, कोणतं आधी न् कोणतं मंग, मी पेरं पाहून राह्यली होती. दोनदा पाहाले तुमीच सांगतलं.” तिच्या आवाजात तक्रार नव्हती. “पडद्यावरची परीक्षा घेणारी बाई चांगली होती. थांबली माह्यासाठी. टाइम संपला, तवा बुधरी नाल्यापलीकडंच होती.”

सरांना सुचलेले प्रत्येक वाक्य त्यांनी मनात एकदा तपासले आणि एकही बाहेर काढले नाही.

महिना संपला. रुग्णालयाने तिची जागा दुसऱ्या कुणाला दिल्याचे कळवले. बॉयलरवरच्या रात्रपाळ्यांच्या जुन्या नोंदवह्यांसोबत ठेवलेला सतरा चुकांचा कागद सरांनी शोधून काढला. चुकांच्या खाली तिची वाक्ये होती तशी होती. वाचताना पाणी दिसत होते, खाट दिसत होती, बाळाचे रडणे ऐकू येत होते. त्या पहिल्या दिवशीही त्यांना सगळे समजले होते. समजल्याची नोंद मात्र कागदावर कुठेच नव्हती.

तिला हे सांगायचे ठरवून रविवारी ते तिच्या घरी गेले. दीपिका अंगणात सुपात तांदूळ निवडत होती. मनकर्णाबाई दारातच भेटली आणि हळू आवाजात म्हणाली, “आता मीठ मागाले बी थांबते, सर.” या वेळी ती हसली नाही.

सर सुपाजवळ जाऊन उभे राहिले. खिशातल्या कागदावर त्यांनी हात ठेवला.

“कशी आहेस, बाई?”

दीपिकाने वर पाहिले. तिचे ओठ उघडले आणि मिटले. गुडघ्यावर ठेवलेल्या डाव्या हाताचा अंगठा तर्जनीच्या टोकावरून निघाला, मधल्या बोटावर थांबला, मागे आला, आणि त्याच पेरावर पुन्हा एकदा जाऊन टेकला.