मान मातीच्या वर

माझा मुलगा गेला त्या आठवड्यात त्याने आणलेलं लिंबाचं रोप मागच्या दारी नळाखाली तसंच राहिलं, काळ्या पिशवीत. लावायचं कुणाला सुचलं नाही. नळ गळका होता म्हणून ते जगलं, आमचं त्यात काही श्रेय नाही.

आज सकाळी सून कुदळ घेऊन अंगणात उतरली. "आई, जाण्याआधी... म्हणजे, आज एवढं लावून टाकते."

अस्सं. परगावच्या नोकरीचं तिने मला सांगितलं नव्हतं. पण भिंतीला कान असतात, आणि मलाही दोन आहेत. "आईंना एकटं टाकून कशी येऊ?" असं ती फोनवर कुजबुजायची. आज संध्याकाळपर्यंत हो-नाही कळवायचं होतं. मला वाईट वाटायला हवं होतं. पण दाढ काढल्यावर गाल जसा आपला राहत नाही, तसं झालंय हल्ली सगळं.

मी पायरीवर बसले.

"विहीर खणतेस की काय?"

"खोल लावलं की घट्ट बसेल ना."

"माणूस पुरायचा नाहीये आपल्याला."

निघून गेलं तोंडातून. तिची कुदळ थांबली. मग दोघींनी काही ऐकलंच नाही असं केलं.

"माती परत टाक थोडी, आणि तुडव. खड्डा रुंद हवा, खोल नको. खोडाची मान मातीच्या वर राहू दे, नाहीतर कुजतं."

तिने पिशवी फाडली. मुळांना जायला जागा नव्हती, ती गोल गोल फिरून स्वतःलाच आवळून बसली होती.

"अशीच लावू?"

"अशीच लावलीस तर पिशवी काढूनही पिशवीतच राहतील. काप."

"माझ्याने नाही होणार."

"मग सरक." मी भाजीची सुरी आणली आणि चारी बाजूंनी उभे काप दिले. 

माती भरली, पाणी सोडलं. शेजारी काठी रोवून ती दोरी करकचून बांधायला लागली.

"फाशी देतेस का त्याला? सैल बांध. वाऱ्याने हललं तरच खोड भरतं. आणि वर्षाने काठीही काढायची."

"वर्षाने कोण काढणार?"

"मला हात नाहीत का?"

तिने दोरी सैल केली.

"कळव त्यांना, येते म्हणून."

"तुम्ही ऐकलंत?"

"तू कुजबुजलीस की कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जातं. जा. आणि सुट्टीत येशील तेव्हा लिंबांसाठी पिशवी आणू नकोस. तीन वर्षं तरी धरायची नाहीत."

ती हसली, मग रडली, मग हात धुऊन फोन करायला आत गेली. मला दोन्ही जमलं नाही.

रोपाच्या जागी फरशीवर ओला गोल उरला होता. नळ त्यावरच गळत होता. मी खाली बादली सरकवली. झाडाला लागेल.