बारीक छर्रे

भातात रानडुक्कर शिरायचं. वनखात्याची परवानगी मिळाल्यावर बाबूने कुडाळच्या दुकानात बारीक छर्‍यांची काडतुसं मागितली.

"डुकराक ह्यां चलाचां नाय. एका गोळयेचां घे," दुकानदार म्हणाला.

"माका मारूचो नाय रे, नुसतो भियवचो आसा."

छर्‍यांनी डुक्कर मेलं नाही, जखमी होऊन झाडीत पळालं. सकाळी त्यानेच शेजारच्या शर्मिष्ठाकाकीची मांडी फाडली. दवाखान्यात काकी बाबूचा हात धरून म्हणाली, "तू बंदूक घेवन थंय असतंस, तर मी वाचलंय असतंय."

तो थेट दुकानात गेला.

"काय रे, भियालो मां डुक्कर?" दुकानदार हसला.

"गोळयेचां दी," बाबू म्हणाला. "अजून जितो आसा. मगे काकीक खरां काय तां सांगूक जातलंय."